थंड व कोरड्या जागी ठेवलेला इतिहास

प्राचीन इतिहासाने त्या घरातलं जेवणाचं टेबल जिंकून घेतलं त्याला बराच काळ लोटला होता. सुरुवातीला एक कोपरा गेला, मग अर्धं टेबल. आता घरातली तिन्ही माणसं सोफ्यावर मांडीत ताट घेऊन जेवत होती आणि टेबलावर पुस्तकांच्या चळती ऐसपैस पसरल्या होत्या. मीठ हवं असेल तर दोन संस्कृतींच्या मधून हात घालून काढावं लागे.

ही सगळी पुस्तकं आईने जमवली होती. टिटवीला घरीच शिकवायचं ठरल्यावर गणित, भाषा, विज्ञान यांची पुस्तकं तिने चटकन निवडली. गाडी अडली ती प्राचीन इतिहासावर. शिक्षण खात्याचा एक नियम होता. घरी शिकवणाऱ्या पालकांनी दर वर्षी एका विषयाचं पुस्तक स्वतः निवडायचं, त्याचं नाव खात्याला कळवायचं आणि वर्षअखेरीला खात्याच्या निरीक्षक बाई तेच पुस्तक वाचून घरी येणार, मुलाला त्यातले प्रश्न विचारणार. उत्तरं आली तर पुढच्या वर्षाची परवानगी, नाही आली तर शाळा. हा नियम ज्याने केला त्याने जन्मात कधी पुस्तक निवडलं नसणार.

टिटवी हे काही मुलीचं खरं नाव नव्हे. एकदा बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून आत्याने ते ठेवलं होतं. पण शाळेत दुसऱ्याच वर्षी ती गप्प व्हायला लागली. 'वर्गात कसली बडबड' म्हणून आधी बाकावर उभी राहिली, मग दाराबाहेर, आणि मग बोलेनाशीच झाली. घरी यायची, जेवायची, गृहपाठ करायची, झोपायची. घर इतकं शांत झालं की न्हाणीघरातला नळ ठिबकतोय हे बाबांना पहिल्यांदाच ऐकू आलं. त्या शांततेची आईने जी धास्ती घेतली ती अजून गेली नव्हती. शाळा सोडल्यावर काही महिन्यांनी टिटवी एक दिवस अंघोळ करताना साबणाशी मोठमोठ्याने भांडायला लागली, तेव्हा आई ओट्यापाशी उभी राहून रडली होती. ते ठिबकणं पुन्हा ऐकू येऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

पण आईची एक अडचण होती. ती विम्याच्या कंपनीत नुकसानभरपाईचे अर्ज तपासायची. कोण जिन्यावरून कसं घसरलं, कुणाच्या अंगावर कपाट कसं पडलं, हे वाचून वाचून जगात काय काय होऊ शकतं ते तिला पाठ झालं होतं. त्यामुळे ती इतिहासाचं पुस्तक उघडायची तेही अर्ज तपासावा तसं.

"हे चांगलं दिसतंय की," बाबा एक पातळ पुस्तक उचलून म्हणायचे. "चित्रं पण आहेत."

"त्यात सगळे राजे हसतायत," आई म्हणायची. "लढाईत पण हसतायत. मुलीला वाटायचं, सहलीला चाललेत."

"मग हे? हे गंभीर आहे."

"ते इतकं गंभीर आहे की मला दोन पानांत झोप लागली. आणि मला झोप लागत नाही हे तुम्हाला माहितीये."

"आणि हे विनोदी?"

"त्यात नुसत्या उवा आणि संडास. प्राचीन माणसांना दुसरं काही कामच नव्हतं का?"

असं करता करता वर्ष सरत आलं. एका दुपारी आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. टिटवी ज्या शाळेत गप्प झाली, त्याच शाळेची ती निवृत्त मुख्याध्यापिका. मुलीला घरी शिकवणं तिला मुळीच मान्य नव्हतं, पण ती कधी भांडायची नाही. ती फक्त तयारीत असायची. आज तिने पिशवीतून निळा गणवेश काढून सोफ्याच्या पाठीवर अंथरला.

"घाई नाही हो," ती आईला म्हणाली. "एक माप मोठाच शिवून घेतलाय. वाढतं अंग आहे."

"ताई, परवानगी मिळणार आहे आम्हाला," आई म्हणाली.

"मिळू दे की! मला काय, आनंदच आहे." आत्याने गणवेशाची कॉलर सारखी केली. "पुस्तक निवडलंत?"

आईने टेबलाकडे पाहिलं आणि मुकाट्याने चहा ठेवायला गेली.

गणवेशाने मात्र काम केलं. दुसऱ्याच दिवशी आई गावातल्या वाचनालयात गेली आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. याची भाषा सोपी होती, नकाशे स्वच्छ होते, लिहिणारा माणूस शहाणा होता आणि मुख्य म्हणजे तो वाचकाला मूर्ख समजत नव्हता. आईने त्याच संध्याकाळी त्याचं नाव खात्याला कळवून टाकलं आणि मग ते शेवटपर्यंत वाचायला घेतलं. हा क्रम चुकला हे तिच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता.

पुस्तक खरं होतं, आणि तीच पंचाईत होती. कालवे, धान्याची कोठारं, मातीची भांडी, सांडपाण्याची गटारं हे सगळं छानच होतं. पण मधूनच एखादा राजा गादीवर बसायचा आणि मग आई पान झाकून घ्यायची. गादीवर बसलेला कुठलाही राजा स्वस्थ म्हणून बसत नव्हता. कुणी भावांना संपवत होता, कुणी बहिणीशी लग्न लावत होता, आणि राण्या तर जेवायला बोलावून काय करतील याचा नेम नव्हता.

"अहो, हे असलं तिला कसं वाचायला द्यायचं?" आई बाबांना म्हणाली. "दहा वर्षांची आहे ती!"

"मग दुसरं कळवू या खात्याला."

"एकदा कळवलेलं बदलता येत नाही."

बाबा विचारात पडले. ते लेबलं बनवण्याच्या कारखान्यात मालाचा दर्जा तपासायचे. त्यांच्या विचारांची धाव कुठेही निघाली तरी शेवटी लेबलापाशी येऊन थांबायची.

"झाकून टाकू," ते म्हणाले. "नको तो मजकूर लेबल लावून झाकायचा. आमच्याकडे बाद झालेल्या मालाचे ढीग पडलेले असतात."

"पण पुस्तक वाचनालयाचं आहे. नंतर निघायला हवीत हं. तात्पुरत्या गोंदाची आणा."

"तू काळजी करू नकोस," बाबा म्हणाले.

इथे बाबांविषयी थोडं सांगायला हवं. माणूस साधा, पण गोंदाच्या बाबतीत मानी. कारखान्यात ज्या लेबलाचा कोपरा नखाने उचलला जाई त्यावर ते लाल फुली मारत आणि त्या दिवशी घरी येऊन नीट जेवत नसत. बायकोने सांगितलेला तात्पुरता गोंद त्यांनी ऐकला होता, समजलाही होता. पण बाद मालाच्या ढिगासमोर उभं राहिल्यावर त्यांच्याच्याने ते झालं नाही. सुटणारं लेबल आपल्या घरात न्यायचं, तेही पोरीच्या शिक्षणासाठी? त्यांनी उन्हापावसात पडून राहणाऱ्या रसायनांच्या पिंपांवर लावतात ती लेबलं उचलली. त्यातलं एक भेंडोळं कोरं पांढरं होतं. बाकीची छपाई तिरकी गेली म्हणून बाद झाली होती, गोंदाला मात्र तोड नव्हती.

घरात कामाची वाटणी झाली. आईने सबंध पुस्तक वाचून झाकायच्या मजकुराच्या सुरुवातीला आणि शेवटी पेन्सिलीने बारीक टिंब दिलं. लेबलं लावायचं काम बाबांचं. संध्याकाळी कारखान्यातून आले की ते पुस्तक घेऊन टेबलाशी बसत आणि लेबलं सोलून द्यायला टिटवी शेजारी बसे. आई आतल्या खोलीत विम्याचे अर्ज तपासत असताना तिला बाहेरून टिटवीची अखंड बडबड ऐकू येई आणि बरं वाटे. पोर वडिलांना मदत करते आहे, यापरतं सुख कोणतं?

काम पुरं झालं त्या दिवशी आईने टेबलाचा एक कोपरा मोकळा केला, टिटवीला समोर बसवलं आणि पहिला पाठ मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिलं प्रकरण नीट पार पडलं. दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर ती अडखळली.

"गादीवर बसताच राजाने आपल्या तिन्ही भावांना..." तिने डोळे बारीक केले. "थंड व कोरड्या जागी ठेवा."

टिटवीने मान डोलावली.

"अहो!" आईने हाक मारली. "हे काय आहे?"

"कोरी लेबलं पहिल्याच प्रकरणात संपली," बाबा आतून म्हणाले. "मग छापलेली लावली. तुझ्या प्राचीन लोकांनी उद्योगच इतके केलेत."

आई भराभर पानं उलटत गेली. मृत राजाचा मेंदू पुरोहितांनी, ही बाजू वर. राणीने पाहुण्यांच्या पेल्यात, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. राजपुत्राने आपल्या सख्ख्या बहिणीशी, नाजूक वस्तू, जपून हाताळा. हरलेल्या सेनापतीला चौकात आणून, वापरण्यापूर्वी नीट हलवा. खाणीत काम करून म्हातारे झालेले गुलाम, मुदत संपल्यावर वापरू नये. शेवटचं वाचून आईच्या अंगावर काटा आला. तिने झाकलेलं वाक्य यापेक्षा सौम्य होतं.

"छापलेली बाजू खाली करून लावता आली नाहीत?" तिने विचारलं.

"मग गोंद वर आला असता," बाबा म्हणाले.

"काढा ती. सगळी काढा. मी कोरा कागद लावीन."

बाबा काहीच बोलले नाहीत. नवरा उलट बोलत नाही तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं, हे आईला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. तिने एका लेबलाचा कोपरा नखाने खरवडला. कोपरा हलला नाही. जरा जोर केला तेव्हा लेबल तसंच राहिलं आणि पानाचाच तुकडा फाटून हातात आला.

मग प्रयत्नांची पराकाष्ठा झाली. केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा मारून पाहिली. किटलीची वाफ दिली, तेव्हा नकाशातली नदी पसरून शेजारच्या वाळवंटात गेली. कापसाने तेल लावून पाहिलं. त्याने कागद पारदर्शक होईल आणि खालचं वाचता येईल म्हणून आईने घाबरून ते लगेच पुसलं, पण काही झालं नाही. लेबलाखालून एक अक्षर दिसेना. बाबा शेजारी उभे राहून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप होता, पण त्याच्या आडून दुसरंही काहीतरी डोकावत होतं.

"वाफेने पण नाही गेलं," ते हळूच म्हणाले. "बघितलंस ना? कडसुद्धा उचलली गेली नाही."

"तुम्ही आत जा," आई म्हणाली.

एवढ्यात वाचनालयातून फोन आला. पुस्तक संध्याकाळपर्यंत परत करावं, दुसऱ्या वाचकाने मागणी नोंदवली आहे. आईने मुदत वाढवून मागितली. ग्रंथपाल म्हणाले, मागणी असताना मुदत वाढत नाही. पुस्तकाची दुसरी प्रत मागितली. ते म्हणाले, हीच एक आहे, हे पुस्तक कोण नेतं?

आई पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून वाचनालयात गेली. वाटेत तिने मनाशी ठरवलं होतं, सरळ सांगून टाकायचं. ग्रंथपाल म्हणजे चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा शांत माणूस. त्यांनी गुंडाळी सोडली, पुस्तकाची पाठ पाहिली, पोट पाहिलं, चारी कोपरे चाचपले.

"बांधणी ठीक आहे," ते म्हणाले. "लोक बांधणीची फार वाट लावतात."

"मला जरा एक सांगायचं होतं..." आईने सुरुवात केली.

"सांगा ना. हे शिक्षण खात्याच्या निरीक्षक बाईंसाठी ठेवायचंय, तेवढं करतो. तुमच्याच मुलीकडे येणारेत ना त्या? परवा म्हणाल्या मला, पालकांनी काय सुंदर पुस्तक निवडलंय!" त्यांनी ते मागच्या फळीवर ठेवलं. "हं, काय सांगत होतात?"

"पाऊस येईलसं वाटतंय," ती म्हणाली आणि घरी आली.

निरीक्षक बाई पुढच्याच आठवड्यात यायच्या होत्या. आता लेबलांचं जे होईल ते होवो, निदान मुलीला उत्तरं तरी यायला हवीत. आईने टिटवीला समोर बसवलं. पुस्तक नव्हतं तरी आपण ते अथपासून इतिपर्यंत वाचलंय, मग तोंडी शिकवायला काय हरकत आहे, असा तिचा हिशेब होता.

"तर चौथ्या प्रकरणात," ती म्हणाली आणि थांबली.

चौथ्या प्रकरणात एका राणीने जेवणावळीत दालनात नदीचं पाणी सोडून सगळे पाहुणे बुडवले होते. ते तिला दालनाच्या खांबांच्या रंगासकट आठवत होतं. पण त्याच्या मागे-पुढे काय होतं? कालवे होते. कालव्यांचं काय होतं?

"कालवे होते," ती म्हणाली.

"मग?" टिटवीने विचारलं.

"त्यातून पाणी जायचं."

"कुठे?"

"शेतात. आता पाचवं प्रकरण." पाचव्या प्रकरणात पुरोहितांनी मेंदू नाकावाटे आकड्याने बाहेर काढला होता. त्याशिवाय भांडी होती. "पाचव्या प्रकरणात भांडी होती."

आईने डोकं धरलं. जे मुलीने वाचू नये म्हणून तिने टिंबं दिली होती, तेवढंच तिने मन लावून वाचलं होतं. बाकीच्यावरून तिची नजर नुसती फिरली होती. विम्याच्या अर्जांचं असंच होतं. माणूस रोज नीट जिना उतरायचा हे कोण लक्षात ठेवतं?

ठरलेल्या दिवशी आत्या सगळ्यांच्या आधी आली. तिच्या मांडीवर ती ओळखीची पिशवी होती. बाबांनी रजा काढली होती आणि ते दाराजवळच्या खुर्चीत, केव्हाही बाहेर जाता येईल अशा बेताने बसले होते. निरीक्षक बाई आल्या, चहा नको म्हणाल्या, मग घेतला. बाई मध्यम वयाच्या होत्या, आवाज मऊ होता आणि चेहऱ्यावरून काही थांग लागत नव्हता. त्यांनी बॅगेतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. मधे कुठेतरी खुणेचा कागद घातलेला होता.

लेबलांचा त्यांनी शब्दही काढला नाही. आईचा जीव आणखीच टांगणीला लागला.

"बाळ, मला सांग," त्या टिटवीला म्हणाल्या, "त्या लोकांनी शहरातलं सांडपाणी बाहेर नेण्यासाठी काय सोय केली होती?"

टिटवी गप्प.

"बरं, कालवे कुणी खणले? त्यांची देखभाल कोण करायचं?"

टिटवीने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"भांड्यांवर कसली नक्षी असायची, ते आठवतंय?"

खोलीत आवाज राहिला नाही. आणि मग, आतल्या बाजूने, न्हाणीघराचा नळ ठिबकताना आईला स्वच्छ ऐकू आला. तिला भडभडून आलं. प्रश्न कालव्यांचा नव्हताच. तिची टिटवी पुन्हा गप्प बसली होती, परक्या माणसासमोर, मान खाली घालून, अगदी तशीच. आत्याच्या मांडीवर पिशवी कुरकुरली. पण आत्याही टिटवीकडेच बघत होती, आणि तिने काही पिशवी उघडली नाही.

"माझी चूक आहे," आई एकदम म्हणाली. "तिची नाही. पुस्तकाची ती दशा मी केली. म्हणजे यांनी केली, पण मीच करायला लावली. तिच्या हातात पुस्तक पडलंच नाही. तिला नापास करू नका, मला करा."

निरीक्षक बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. "पालकांनी जरा आत बसावं," त्या म्हणाल्या. "मुलं मोठ्यांसमोर बुजतात."

आई-बाबा स्वयंपाकघरात गेले. आत्या गेली नाही, कारण आपण पालक नाही, असं तिने मनात ठरवलं. आईने दाराला कान लावला. बाहेर पानं उलटल्याचा आवाज आला. मग निरीक्षक बाईंचा आवाज, पहिल्यापेक्षा बराच खालच्या पट्टीतला.

"हे बघ. गादीवर बसताच राजाने आपल्या तिन्ही भावांना, थंड व कोरड्या जागी ठेवा." बाई थांबल्या. "म्हणजे नेमकं काय केलं गं त्याने?"

"तळघरात टाकलं," टिटवी म्हणाली.

"मग?"

"पण ते कोरडं नव्हतंच! थंड होतं. धाकट्याला आधीच संशय आला होता, म्हणून त्याने काय केलं, पहारेकऱ्याचे कपडे घातले आणि मधल्याला म्हणाला की तू पण घाल, तर मधला म्हणाला, मला ते घट्ट होतात. म्हणून मधला मेला. थोरला तर आधीच मेला होता, त्याला सूप दिलं होतं ना. तुम्ही घाबरत तर नाही ना? मग पुढचं सांगते."

आणि टिटवी सुटली. सेनापतीला चौकात आणून काय केलं ते तिने खुर्चीवर चढून दाखवलं. राणीने पेल्यात काय घातलं आणि ती स्वतः कुठल्या पेल्यातून प्यायली, मेंदू नाकातून कसा येतो आणि हृदय का आत ठेवायचं, बहिणीशी लग्न झालं तेव्हा ती बहीण काय म्हणाली असेल, सगळं. म्हाताऱ्या गुलामांचं सांगताना मात्र ती हळू बोलली. "त्यांना वाळवंटात सोडून द्यायचे. हे मला मुळीच आवडलं नाही," ती म्हणाली. "त्यांनीच तर सगळं बांधलं होतं."

"मलाही नाही आवडलं," निरीक्षक बाई म्हणाल्या.

"मग त्या धाकट्याचं काय झालं?" हा आवाज आत्याचा होता. "पहारेकऱ्याच्या कपड्यातल्या?"

"थांब ना आत्या, येतोय तो परत. सातव्या प्रकरणात येतो, फौज घेऊन."

स्वयंपाकघरात आईने बाबांकडे वळून पाहिलं. "हिला हे सगळं कसं माहीत?"

बाबा ओट्याकडे बघत म्हणाले, "मी दिवसभर लेबलंच बघतो गं. घरी येऊन पुन्हा तेच. डोळा लागायचा माझा. म्हणून तिलाच म्हटलं, तू लाव. पण मी तिला बजावलं होतं, नुसतं चिकटव, वाचू नकोस."

आई दार उघडून बाहेर आली. "टिटवे, तू ते सगळं वाचलंस?"

"वाचावंच लागतं, आई," टिटवी समजावणीच्या सुरात म्हणाली. "कुठून कुठपर्यंत लावायचं ते कळायला नको? मी एकही वाकडं लावलं नाही."

"आणि बाकीचं? कालवे, भांडी, ते का नाही वाचलंस?"

"तिथे लेबल लावायचं नव्हतं ना."

निरीक्षक बाई खुर्चीत मागे टेकल्या. मुलीला अर्धं पुस्तक येत होतं आणि त्यांना उरलेलं अर्धं. दोघी मिळून प्राचीन इतिहास पुरा होत होता. "मी घरी वाफ देऊन पाहिली," त्या जराशा ओशाळून म्हणाल्या. "उजेडासमोर पान धरलं. आमच्या ह्यांनी ब्लेडने प्रयत्न केला. एक लेबल निघेल तर शपथ!"

"निघणारच नाही!" बाबा स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले. त्या वर्षातला त्यांचा सर्वांत आनंदाचा क्षण तो.

परवानगी मिळाली. निरीक्षक बाईंनी शेऱ्यात लिहिलं, 'विद्यार्थिनीला विषयाची विशेष गोडी आहे. पुस्तकाची निवड विचारपूर्वक. सांडपाणी व कालवे कच्चे.' जाताना दारात त्या टिटवीला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी सांडपाणी विचारणार हं." आत्याही निघाली. पिशवी ती सोफ्यावर विसरली आणि तिची आठवण कुणी तिला करून दिली नाही. पुढे त्या गणवेशाची टेबल पुसायची दोन उत्तम फडकी झाली.

आई दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना खरं काय ते सांगून आली. पुस्तक बदलून द्यायचीही तयारी दाखवली. "असू द्या," ते म्हणाले. "निरीक्षक बाईंनी काय सांगितलंय कुणास ठाऊक, त्या पुस्तकाला आता रांग लागलीये. लोक पान उजेडात धरून वाचतात. तुमच्या मुलीला एकदा पाठवाल का इकडे?"

आठवड्याभरात टेबलावर एक नवं पुस्तक आलं, या खेपेला विकत आणलेलं. आई पेन्सिल घेऊन बसली. पहिल्याच प्रकरणात एक राजा गादीवर बसला. आईने पेन्सिल टेकवली, क्षणभर थांबली, आणि पुढे गेली. राजाला तिने तसाच बसू दिला. मग कालव्यांचं पान आलं. तिथे तिने सुरुवातीला एक टिंब दिलं आणि शेवटी एक. धान्याची कोठारं, वजनं-मापं, भांड्यांवरची नक्षी, करवसुली, सगळीकडे ती टिंबं देत गेली. बाबांना तिने लेबलं आणायला सांगितलं, आणि या वेळी तात्पुरत्या गोंदाचीच, असं दोनदा बजावलं. बाबांनी ती आणली, पण तोंड फिरवून तिच्या हातात दिली.

मग तिने टिटवीला बोलावलं.

"हे बघ," ती शक्य तितक्या कडक आवाजात म्हणाली, "या पुस्तकात बरंच काही तुझ्या वयाला योग्य नाहीये. खुणा केल्यात तिथे नीट लेबलं लाव. आणि खालचं अजिबात वाचायचं नाही."

टिटवीने पानं चाळली. इतकी टिंबं तिने आजवर पाहिली नव्हती. तिचे डोळे चमकायला लागले.

"एवढं सगळं वाईट आहे यात?"

"फार वाईट," आई म्हणाली. "आणि सांडपाण्याचं प्रकरण तर उघडूसुद्धा नकोस."